‘समाधानकारक’ हवा आणि खिडकीवरची धूळ

पावसाळा सरला, दिवाळी आटोपली आणि पहाटेची हवा गार होऊ लागली, की गोव्यात धुळीचा मोसम सुरू होतो. वास्कोत खारीवाड्यावरच्या वा सड्यावरच्या घरांत सकाळी पुसलेल्या खिडकीच्या कडेवरून संध्याकाळी बोट फिरवले तर ते काळे होते. डिचोली, साखळी, उसगाव-तिस्क या पट्ट्यात ज्या वर्षी खनिजाचे ट्रक चालतात, त्या वर्षी हीच कड तांबडी होते. याच दिवसांत भ्रमणध्वनीवर हवेचा निर्देशांक पाहावा, तर पुष्कळदा शंभराच्या आतला आकडा आणि त्याखाली ‘समाधानकारक’ हा शब्द दिसतो. मग साहजिकच प्रश्न पडतो : खिडकी खोटी की आकडा खोटा?

खरे तर दोहोंपैकी खोटे काहीच नाही. खिडकी एका जागेचे सांगते, आकडा सरासरीचे सांगतो. आणि गोव्यातील हवेचे दुखणे सरासरीत न मावणारे आहे. दिल्ली-कानपूरसारखा महिनोन्‌महिने डोक्यावर बसून राहणारा धुराचा थर आपल्याकडे नाही. समुद्र जवळ आहे, पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो, कोळशावर चालणारी मोठी वीज केंद्रे राज्यात नाहीत. आपली धूळ ठरावीक रस्त्यांवर, ठरावीक वाड्यांत, ठरावीक महिन्यांत आणि दिवसाच्या ठरावीक तासांत असते. ज्यांच्या वाट्याला ती येते, त्यांच्या वाट्याला भरपूर येते आणि उरलेल्या राज्याला तिची जाणीवही होत नाही. म्हणूनच ‘गोव्याची हवा चांगली आहे’ हे सरकारी विधान आणि ‘आमच्या वाड्यावर श्वास घेववत नाही’ ही ग्रामसभेतील तक्रार, ही दोन्ही एकाच दिवशी खरी ठरू शकतात.

आकडा कसा तयार होतो

राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक २०१४ मध्ये जाहीर झाला. शून्य ते ५० ‘चांगली’, ५१ ते १०० ‘समाधानकारक’, १०१ ते २०० ‘मध्यम’, त्यापुढे ‘वाईट’, ‘अतिवाईट’ आणि ४०० च्या वर ‘गंभीर’ अशा त्याच्या सहा पायऱ्या आहेत. त्यात आठ प्रदूषके धरली जातात. त्यांपैकी आपल्या दृष्टीने दोन महत्त्वाची : दहा मायक्रॉनपर्यंतच्या व्यासाचे कण, म्हणजे पीएम १०, आणि अडीच मायक्रॉनपर्यंतचे कण, म्हणजे पीएम २.५. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून या कणांची कल्पना यावी.

प्रत्येक प्रदूषकाचा स्वतंत्र उपनिर्देशांक काढतात आणि त्यांतला जो सर्वांत मोठा, तोच त्या ठिकाणचा निर्देशांक मानतात. बेरीज करीत नाहीत. म्हणजे धुळीचे ९५, नायट्रोजन डायऑक्साइडचे ९२ आणि ओझोनचे ९० आले, तरी जाहीर होणारा आकडा ९५ आणि हवा ‘समाधानकारक’. फुप्फुसाला मात्र हे तिन्ही एकाच श्वासात घ्यावे लागतात.

दुसरी गोष्ट सरासरीची. धुळीचा उपनिर्देशांक २४ तासांच्या सरासरीवर काढला जातो. एक काल्पनिक पण सोपे गणित करून पाहू. खनिज वाहतुकीच्या एखाद्या रस्त्यावर सकाळी आठ ते संध्याकाळी सहा असे दहा तास ट्रक चालतात, तेव्हा पीएम १० चे प्रमाण हवेच्या प्रत्येक घनमीटरमागे १८० मायक्रोग्रॅम असते; ट्रक थांबल्यावर उरलेले चौदा तास ते ४० वर उतरते. सरासरी निघते ९८. भारतीय मानकानुसार चोवीस तासांची मर्यादा १०० आहे. म्हणजे त्या दिवशी मानक पाळले गेले आणि हवा समाधानकारक ठरली. परंतु त्या रस्त्यावरची प्राथमिक शाळा सकाळी आठ ते दुपारी एक या वेळेतच भरते. रात्रीची स्वच्छ हवा त्या मुलांच्या हिशेबात धरून काढलेली सरासरी त्यांच्या काय उपयोगाची?

वर्षाच्या सरासरीत हीच गोष्ट अधिक ठळक होते. पीएम १० ची वार्षिक मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे. पावसाळ्याचे चार महिने हवा धुतली जाऊन प्रमाण २० वर राहिले आणि उरलेले आठ महिने ते ८० राहिले, तर वर्षाची सरासरी बरोबर ६० येते. कागदावर उल्लंघन शून्य. गोव्यासारख्या चार महिने मुसळधार पाऊस पडणाऱ्या प्रदेशाला वार्षिक सरासरी नेहमीच उदारपणे वागवते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. हवेबद्दल काही समजून घ्यायचे असेल तर वर्षाचा आकडा बाजूला ठेवून डिसेंबर ते मे या महिन्यांचा वेगळा तक्ता मागावा.

तिसरा प्रश्न यंत्र कुठे बसवले आहे याचा. इमारतीच्या गच्चीवर वा आवारात, रस्त्यापासून दूर ठेवलेले यंत्र त्या परिसराची सर्वसाधारण हवा मोजते आणि त्याचे ते कामच आहे. पण रस्त्याच्या कडेची धूळ अंतरानुसार झपाट्याने कमी होते. रस्त्याला लागून असलेल्या घराच्या ओटीवर आणि शंभर-दोनशे मीटर आतल्या गच्चीवर दोन वेगळी जगे असू शकतात. शिवाय हाताने चालवायच्या मोजणी केंद्रांवर आठवड्यातून दोनदा, वर्षाला १०४ वेळा नमुने घेण्याची पद्धत आहे. गाळणकागदावर साचलेली धूळ प्रयोगशाळेत तोलून आकडा काढतात. पद्धत विश्वासार्ह आहे, पण ती तासांचे चढउतार सांगत नाही आणि उरलेल्या पाच दिवसांबद्दल मौन पाळते.

भ्रमणध्वनीवरील आकड्यांचा आणखी एक घोळ असतो, तोही इथेच सांगून टाकतो. काही ॲप भारतीय निर्देशांक दाखवतात, काही अमेरिकी. पीएम २.५ चे प्रमाण ३५ मायक्रोग्रॅम असेल तर अमेरिकी मापात निर्देशांक शंभराला टेकतो, भारतीय मापात तो सुमारे ५८ येतो. हवा तीच, मात्र एका पडद्यावर धोक्याची सीमा आणि दुसऱ्यावर समाधान. काही आकडे तर जवळपास केंद्र नसताना उपग्रहाच्या माहितीवरून बांधलेला निव्वळ अंदाज असतात. शक्य असेल तेव्हा निर्देशांक सोडून मायक्रोग्रॅममधील मूळ आकडा पाहावा. स्वस्त संवेदकांबाबतही एक सावधगिरी हवी : दमट पहाटे कण पाणी शोषून फुगतात आणि अशी यंत्रे प्रमाण वाजवीपेक्षा जास्त दाखवतात.

‘समाधानकारक’ कोणासाठी?

‘समाधानकारक’ या पायरीपुढे सरकारी तक्त्यातच एक ओळ आहे, ती फारशी कोणी वाचत नाही. या पायरीवर संवेदनशील व्यक्तींना श्वसनाचा किरकोळ त्रास होऊ शकतो, असे ती सांगते. दम्याचा मुलगा, हृदयरोगी आजोबा, गरोदर सून या संवेदनशील व्यक्ती. आणि गोव्यात असे घर शोधावे लागेल ज्यात यांपैकी कोणीच नाही.

आपली सध्याची मानके १८ नोव्हेंबर २००९ रोजी अधिसूचित झाली. पीएम २.५ साठी वर्षाची मर्यादा ४० आणि चोवीस तासांची ६० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुधारलेली मार्गदर्शक मूल्ये अनुक्रमे ५ आणि १५ आहेत. पीएम १० साठी १५ आणि ४५. आता निर्देशांकाकडे पुन्हा पाहा. पीएम २.५ चे प्रमाण ३० असेल तर आपला निर्देशांक ५० येतो आणि हवा ‘चांगली’ ठरते, तर संघटनेच्या दृष्टीने ती एका दिवसाच्या मर्यादेच्या दुप्पट आहे. देशाची परिस्थिती, अर्थव्यवस्था, व्यवहार्यता या सगळ्यांचा विचार करून मानके ठरतात आणि तसे करण्यात गैर काही नाही. गैर आहे ते मानकाला वैद्यकीय हमी समजणे. मानक हा प्रशासनाचा करार आहे. शरीराने त्यावर सही केलेली नाही.

याचा पुरावा जुना आहे. अमेरिकेतील सहा शहरांत आठ हजारांहून अधिक प्रौढांचा चौदा ते सोळा वर्षे पाठपुरावा करून १९९३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तो आज या विषयाचा पाया मानला जातो. धूम्रपान, वय, व्यवसाय यांचा हिशेब बाजूला काढल्यानंतरही सर्वांत प्रदूषित शहरातील मृत्युदर सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्क्यांनी अधिक आढळला. आपल्या दृष्टीने लक्षणीय बाब पुढेच आहे : त्या सर्वांत प्रदूषित शहरातील पीएम २.५ ची सरासरी ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास होती. आपल्या आजच्या वार्षिक मर्यादेच्या ती आत बसते.

शरीरात काय घडते

नाक आणि घसा मोठी धूळ अडवतात. शिंक, शेंबूड, खोकला ही त्या पहाऱ्याची कामे. पीएम १० पैकी बरीचशी धूळ श्वासनलिकांच्या फांद्यांपर्यंत पोहोचते. तिथे चिकट द्रव आणि सूक्ष्म केसांची झाडणी असते, ती हळूहळू कचरा वर ढकलते. अडीच मायक्रॉनच्या आतले कण त्याही पलीकडे, प्राणवायूची देवाणघेवाण होते त्या वायुकोशांत जातात. तिथे झाडणी नाही. तेथील रक्षक पेशी कण गिळतात, काहींचा निकाल लावतात, काहींपुढे हरतात, आणि या झटापटीत दाह निर्माण होतो. अतिसूक्ष्म कण तर वायुकोशाची भिंत ओलांडून थेट रक्तात उतरतात.

दाह फुप्फुसातच राहिला असता तर गोष्ट खोकल्यावर थांबली असती. पण तो रक्तावाटे सर्वत्र पोहोचतो. रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, आधीपासून साचलेला मेदाचा थर फुटण्याची शक्यता वाढते. बाहेरच्या हवेच्या प्रदूषणामुळे होणाऱ्या अकाली मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक हृदयविकार आणि पक्षाघाताने होतात, ही बाब अनेक वाचकांना नवी वाटेल. धुळीच्या रस्त्यावर राहणाऱ्या साठीतल्या माणसाला छातीत कळ आली तर आपण रक्तदाब, साखर, तंबाखू यांची चौकशी करतो. हवेची चौकशी कोणी करीत नाही. त्याशिवाय दमा उफाळणे, फुप्फुसाचा जुनाट अडथळ्याचा आजार, बालकांतील न्यूमोनिया, कमी वजनाची बाळे हे परिणाम आहेतच. बाहेरची प्रदूषित हवा हे कर्करोगाचे सिद्ध कारण असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये जाहीर केले.

हे सारे किती वजनाच्या धुळीने घडते? प्रौढ माणूस दिवसाला दहा-बारा घनमीटर हवा आत घेतो. प्रमाण ४० मायक्रोग्रॅम धरले तर दिवसभरात आत जाणारी सूक्ष्म धूळ अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी. मोहरीचा एक दाणा याहून जड असतो. खिडकीवर दिसणारा थर त्याच्या शेकडो पट असतो, पण तो बहुतांशी जाडा असतो, म्हणूनच तो तिथे बसला. जे दिसते ते पुसता येते; छातीत जाते ते दिसत नाही. तरी जाडी धूळ निरुपद्रवी म्हणून सोडू नये. रस्त्यावर सांडलेला तोच चुरा पुढच्या ट्रकच्या चाकाखाली दळला जातो आणि बारीक होऊन पुन्हा उडतो.

लहान मुलांचे वेगळे सांगायला हवे. वजनाच्या मानाने ती मोठ्यांपेक्षा जास्त हवा घेतात, जास्त धावतात आणि त्यांचे नाक वाहनांच्या धुराड्याच्या उंचीवर असते. फुप्फुसांची वाढ किशोरवयाच्या अखेरीपर्यंत चालते. कॅलिफोर्नियात शाळकरी मुलांची वर्षानुवर्षे तपासणी झाली, तेव्हा प्रदूषित भागातील मुलांची फुप्फुसे अठराव्या वर्षी अपेक्षेपेक्षा कमी क्षमतेची आढळली. पुढे तिथली हवा सुधारली आणि नंतरच्या पिढीतील मुलांची फुप्फुसेही सुधारलेली दिसली. म्हणजे हे नशीब नव्हे, कारणे दूर केल्यावर बदलणारी गोष्ट आहे.

तांबडी, काळी आणि धुरकट

निर्देशांक फक्त धुळीचे वजन पाहतो, तिचे कूळ विचारत नाही. किनाऱ्यावरच्या यंत्रात समुद्राच्या फेसातून उडालेले मीठही पीएम १० म्हणून मोजले जाते आणि ते फारसे अपायकारक नसते. तितक्याच वजनाचा डिझेलचा काजळकण फार वेगळा. म्हणून गोव्यातील धूळ तिच्या जातीनुसार समजून घ्यावी लागते.

तांबडी धूळ खाणींची. आपले लोहखनिज लोह आणि सिलिकाच्या पट्टेदार खडकातले आहे. या धुळीतले लोह तितके घातक नाही, जितकी तिच्यातली स्फटिकी सिलिका. खाणीवर रोज काम करणाऱ्याला सिलिकोसिसचा धोका असतो. रस्त्याकडेच्या रहिवाशाला तो त्या प्रमाणात नसतो, पण दमा आणि श्वसनाचे इतर विकार वाढवायला ही धूळ पुरेशी आहे. खनिज मुख्यतः दहा टनी ट्रकांतून नदीकाठच्या धक्क्यांवर आणि तेथून बार्जने मांडवी-जुवारीतून मुरगावला जात आले आहे. एक कोटी टन माल दहा टनांच्या ट्रकांतून न्यायचा म्हटला तर दहा लाख भरलेल्या आणि दहा लाख रिकाम्या फेऱ्या होतात. कोरड्या आठ महिन्यांत वाटल्या तर दिवसाला आठ हजारांहून अधिक. तेजीच्या काळात गोव्यातून वर्षाला याच्या कित्येक पट खनिज निर्यात होत असे. त्या काळातल्या उसगाव, सावर्डे, कुडचडे, गुड्डेमळ येथील रस्त्यांचे वर्णन तिथल्या लोकांना नव्याने सांगायला नको.

२०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात खाणी थांबल्या, २०१४ च्या निकालानंतर मर्यादेसह पुन्हा सुरू झाल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. झाडांची पाने हिरवी दिसू लागली, तशीच घरासमोर उभ्या राहिलेल्या ट्रकांचे हप्तेही थकले. ज्या घरातले मूल धुळीने खोकत होते, पुष्कळदा त्याच घराचा चरितार्थ ट्रकवर होता. हा पेच ज्याने जवळून पाहिला आहे, तो खाण हवी की नको अशा दोनच शब्दांत बोलणार नाही. आता लिलावाने दिलेल्या पट्ट्यांत खाणी टप्प्याटप्प्याने सुरू होत आहेत. डिचोलीचा पट्टा २०२४ मध्ये सुरू झाला. त्यामुळे वाहतूक वस्तीतून जाणार की स्वतंत्र मार्गाने, हा प्रश्न हवेच्या दृष्टीने खाणीहूनही मोठा आहे.

काळी धूळ कोळशाची. मुरगाव बंदरात परदेशी कोळसा उतरतो आणि मुख्यतः रेल्वेने, दक्षिण गोव्याच्या गावांतून, घाट चढून कर्नाटकातील पोलाद कारखान्यांकडे जातो. एप्रिल-मे २०१७ मधल्या वास्कोतील जनसुनावण्या, नोव्हेंबर २०२० मध्ये चांदरच्या रेल्वेमार्गावर लोकांनी जागवलेली रात्र, यांमागे ही धूळ होती. वास्कोचा भूगोल येथे मुळावर येतो. धक्के मुरगावच्या भूशिराच्या उत्तर अंगाला आणि वस्ती त्यांच्या पूर्वेला व मागे चढणीवर. कोरड्या मोसमात दुपारनंतर पश्चिम-वायव्येकडून खारा वारा सुटतो, तो धक्क्यावरून शहराकडे येतो. रात्री भूमीवरचा वारा उलट, समुद्राकडे वाहतो. त्यामुळे त्याच ढिगाची धूळ दुपारी चार वाजता शहराची असते आणि पहाटे चार वाजता समुद्राची. वाऱ्याची दिशा आणि वेळ न नोंदवता घेतलेला नमुना म्हणजे अर्धीच गोष्ट. कोळशाची चढउतार झाकलेल्या जागेत करणे, वारा ठरावीक वेगापलीकडे गेला की काम थांबवणे, वाघिणी झाकणे, हे उपाय जगभर रूढ आहेत. प्रत्येक उपाय खर्चिक आहे, आणि तो खर्च वाचवला की त्याचा भार घराघरांतल्या औषधांच्या बिलावर पडतो.

धुरकट तिसरी. तिचा मालक एक नसल्याने तिच्याविरुद्ध मोर्चा निघत नाही. वाहने, डिझेलवरचे जनित्र, रस्त्यांची खोदकामे, भंगारअड्ड्यांतील जळणाऱ्या तारा, आणि पहाटे पेटवलेला आंबा-फणसाचा पाचोळा, ज्यात चार प्लास्टिकच्या पिशव्या हमखास असतात. पणजीतल्या स्मार्ट सिटीच्या खोदकामांची धूळ २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत पोहोचली. मे २०१९ मध्ये सोनसोड्याच्या ढिगाला लागलेली आग मडगावकर विसरले नसतील. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते आणि झाकण ठेवल्यासारखी खाली अडकते. धूर वर जात नाही. भाणाखाली लावलेल्या लाकडांचा, पाचोळ्याचा, पहिल्या बसचा असा सगळा धूर त्या पातळ थरात साचतो. ज्याला आपण शेतावरचे धुके म्हणून पाहतो, त्यात तो मिसळलेला असतो. आणि नेमके त्याच वेळी डॉक्टरांनी सांगितले म्हणून हृदयरोगी मंडळी फिरायला बाहेर पडतात. डिसेंबर-जानेवारीत ऊन्हे वर येऊन थर मोडल्यावर, साधारण आठ-साडेआठनंतर चालणे त्यांच्या हिताचे. पाचोळ्यासाठी खड्डा करावा. उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला पंचवीस हजार रुपये दंड राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच ठरवून दिला आहे.

घरात आणि ग्रामसभेत

घरच्या उपायांची मर्यादा आधीच सांगितलेली बरी : रस्ता तोच राहिला तर खिडकी किती वेळ बंद ठेवणार? तरीही काही गोष्टी उपयोगी आहेत. धुळीच्या घरात केरसुणी फिरवण्याऐवजी ओले फडके वापरावे. झाडताना बसलेली धूळ पुन्हा श्वासात येते. रस्त्याकडच्या खिडक्या ट्रकांच्या वेळेत बंद ठेवून मागच्या बाजूच्या उघडाव्यात. तोंडाला बांधलेला रुमाल वा कापडी मुखपट्टी पीएम २.५ फारशी अडवत नाही. चेहऱ्याला नीट बसलेली एन ९५ अडवते. दम्याच्या रुग्णाने बरे वाटते म्हणून रोजचा प्रतिबंधक पंप डिसेंबरात सोडू नये, तोच त्याचा खरा हंगाम असतो. आणि दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला प्रत्येक खोकला धुळीच्या माथी मारू नये. क्षयरोगाची तपासणी आधी करून घ्यावी. धुळीच्या वस्तीत हे निदान ‘धुळीचाच खोकला’ म्हणून लांबते.

रस्त्यावर पाणी मारणे हा आपल्याकडचा आवडता उपाय. मार्चच्या उन्हात ते तासाभरात वाळते आणि मागे राहिलेला चिखल वाळून पुन्हा धूळ होतो. ट्रक खाणीतून बाहेर पडतानाच चाके धुणे, ताडपत्री घट्ट बांधणे, ठरलेल्या वजनाहून अधिक न भरणे, सांडलेला चुरा यंत्राने शोषून उचलणे आणि वेग कमी ठेवणे, यांचा परिणाम टँकरपेक्षा कितीतरी अधिक असतो. टँकर दिसतो, वेगमर्यादा दिसत नाही. म्हणून टँकरचे बिल निघते.

ग्रामसभेत वा नगरपालिकेत हवेचा विषय आला की अधिकारी सरासरीचा कागद पुढे करतात आणि चर्चा संपते. तिथे विचारायचे ते असे : यंत्र नेमके कुठे, किती उंचीवर आणि रस्त्यापासून किती अंतरावर आहे? पावसाळा वगळून आकडे काय येतात? तासागणिक नोंद उपलब्ध आहे का, आणि ट्रकांच्या वेळेतले कमाल प्रमाण किती? गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडील मोजण्यांच्या नोंदी माहिती अधिकारात मागता येतात. मानकांच्या अधिसूचनेतही एक उपयोगी अट आहे : वर्षातील ९८ टक्के वेळा मर्यादा पाळली गेली पाहिजे, आणि उरलेल्या दोन टक्क्यांतही लागोपाठ दोन मोजण्यांत ती ओलांडली जाता कामा नये. सरासरी ५८ आली म्हणून समाधान मानणाऱ्याला ही ओळ दाखवावी.

येत्या हंगामात वाहतूक सुरू होण्याआधी, ऑक्टोबराच्या पहिल्या पंधरवड्यात, रस्त्याकडच्या शाळेच्या फाटकापाशी दोन दिवस मोजणी करून घ्यावी आणि जानेवारीत त्याच जागी, त्याच तासांत पुन्हा करावी. या दोन आकड्यांतील फरक हा त्या शाळेतल्या मुलांच्या वाट्याला आलेल्या ट्रकांचा हिशेब असेल.